साठी ओलांडताना: न सांगता येणारे बदल आणि त्यांवर करायची कामं

केस पिकणार, गुडघे कुरकुरणार, चाळिशी लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पंचाईत होते ती ज्यांच्याबद्दल घरात कधी कुणी बोललेलंच नसतं अशा बदलांची. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटेनासा होतो. गॅसचा वास येत नाही. अंग तापत नाही आणि न्यूमोनिया होऊन बसतो. दहा वर्षं चाललेली गोळी एकाएकी बाधायला लागते. हा लेख नुकतीच साठी गाठलेल्यांसाठी आहे, आणि ज्यांचे आईबाबा त्या वयात आलेत अशा मुलामुलींसाठीही.

सुरुवातीलाच एक कसोटी लक्षात ठेवा. वय हळू येतं. वर्षा-दोन वर्षांत थोडं थोडं. जे दोन दिवसांत किंवा दोन आठवड्यांत आलं, ते वय नव्हे. तो आजार किंवा औषधाचा परिणाम समजायचा आणि डॉक्टर गाठायचा. ‘आता वय झालं, असं व्हायचंच’ हे वाक्य घरात आणि कधीकधी दवाखान्यातही फार लवकर बोललं जातं. पण हळू आलं की अचानक, हे ठरवायला आधीचं काहीतरी लिहिलेलं लागतं. म्हणून पहिलं काम वहीचं.

वही

साधी शंभर पानी वही पुरे. तब्येत ठणठणीत असताना एकदा आणि पुढे दर सहा महिन्यांनी त्यात पुढच्या गोष्टी तारखेसह लिहा.

उंची: सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण एक सेंटिमीटर उंची कमी होणं चालतं. तरुणपणच्या उंचीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी भरली तर पाठीचा मणका न कळत दबला असण्याची शक्यता असते. अशा वेळी हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा.

वजन: एकाच काट्यावर. डाएट न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर तपासण्या हव्यात. ‘बरं झालं, सडपातळ झालात’ म्हणून सोडून देऊ नका.

ताप: बरं असताना तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तोंडात थर्मामीटर लावून नोंद करा. याचं कारण पुढे येतंच.

खुर्ची: हात छातीवर बांधून, साध्या खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद उतरली आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि शेजारी कुणीतरी असू द्या.

औषधं: घेता ती सगळी लिहा. आयुर्वेदिक काढे, झोपेची गोळी, ‘कधीतरीच घेतो’ ती दुखण्यावरची गोळी, डोळ्यांचे थेंबसुद्धा. कुणाच्याही हातात द्यायची खरी वही म्हणजे हे पान.

उभं राहिल्यावरचं बीपी

दवाखान्यात बीपी बसवून घेतात, आणि तिथेच एक गोष्ट निसटते. तरुणपणी आपण उठलो की रक्तवाहिन्या क्षणात आवळतात आणि रक्त डोक्याकडे टिकून राहतं. वयाबरोबर ही हालचाल सुस्तावते. त्यात बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी किंवा प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर उठता क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री बाथरूमला जाताना होणारी बरीचशी पडझड यातूनच होते.

घरी मोजायचं असं: दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं आडवे पडा आणि मोजा. उभे राहा, एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तिन्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका. बरेचदा वेळ किंवा मात्रा बदलूनच काम भागतं.

तोवर उठायची पद्धत बदला. आधी कुशीवर वळा आणि पलंगाच्या काठावर पाय सोडून बसा. पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, म्हणजे पोटऱ्यांतलं रक्त वर जाईल. मग धरून उभे राहा आणि दहा आकडे मोजून चाला. पुरुषांनी रात्री लघवीला बसूनच करावं. उभ्याने करताना भोवळ येऊन पडणं ही नेहमीची घटना आहे.

मुंबईच्या दमट हवेत याला आणखी एक पदर आहे. साठीनंतर तहान कमी लागते. शरीरात पाणी कमी असतं, तरी घसा तशी आठवण करून देत नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये घामाने पाणी आणि मीठ दोन्ही जातं, संध्याकाळपर्यंत बीपी उतरतं आणि माणूस ‘गळून गेल्यासारखं वाटतंय’ एवढंच म्हणतो. तहानेवर विसंबू नका, तास ठरवून प्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. ओआरएस घेणार असाल तर पाकिटावरचं माप वाचा: मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून प्यायलं तर मीठ भलतंच जास्त होतं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी दिवसाचं पाणी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

जुनी गोळी नव्याने का बाधते

किडनी वयाबरोबर हळूहळू मंदावते आणि औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. फसवणूक होते ती रिपोर्टमध्ये. रक्ततपासणीत किडनीचा अंदाज ज्यावरून बांधतात ते क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; स्नायूच कमी झाले की तो आकडा ‘नॉर्मल’ दिसत राहतो. उदाहरण घ्या. ७० किलोचा तिशीतला तरुण आणि ४५ किलोच्या ७५ वर्षांच्या आजी, दोघांचंही क्रिएटिनिन १.० आलं. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर तरुणाची किडनी मिनिटाला १०७ मिली रक्त गाळते, आजींची जेमतेम ३५. कागदावरचा आकडा एकच, पण आजींना कित्येक औषधं निम्म्या मात्रेत द्यावी लागतील. म्हणून नवं औषध लिहून घेताना वय आणि वजन सांगा आणि ‘किडनीच्या हिशेबाने मात्रा बरोबर आहे ना’ एवढं विचारा.

सर्वांत जास्त घोटाळा केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांनी होतो. त्यातल्या तीन जाती ओळखून ठेवा:

- डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांची मिश्रणं. गुडघेदुखीवर गुणकारी, पण बीपी वाढवतात, पोटात रक्तस्राव करू शकतात, आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत घेतल्या की किडनीला फटका बसतो.
- क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या. यांनी तोंड सुकतं, बद्धकोष्ठ होतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडते आणि काहींना चक्क भ्रम होतो. घरचे म्हणतात, ‘बाबांना विसरायला होतंय’. कारण असतं सर्दीचं पाकीट.
- अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या. सकाळपर्यंत झोक जातो, माणूस पडतो. मात्र महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम थांबवू नका. त्याने त्रास वाढतो; डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

वर्षातून एकदा सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओता. हृदयवाल्यांनी एक, हाडवाल्यांनी दुसरी, असं होत होत एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी चालू असतं.

तापाशिवायचा आजार

म्हातारपणी शरीर तापवण्याची ताकद कमी होते. आधीचं तापमान ९७ असलेल्या माणसाचं ९९ झालं तर तो त्याच्यापुरता ताप आहे. म्हणून ती वहीतली नोंद. तोंडातलं तापमान १०० च्या वर गेलं, किंवा नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइटने चढलं, तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघत बसू नका. जुलै-ऑगस्टमध्ये मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) सगळंच शहरात असतं. साचलेल्या पाण्यातून चालून घरी आलात, विशेषतः पायाला जखम असताना, तर पाय साबणाने धुवा आणि लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीसाठी एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना भेटा.

आणखी एक. काल नीट बोलणारी व्यक्ती आज वेळकाळ विसरली, दिवसा गुंगीत आहे, रात्री उठून ‘गावी जायचंय’ म्हणते, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. तो इतका झटपट येत नाही. लघवीतला संसर्ग, छातीतला संसर्ग, सोडियम उतरणं, नवी गोळी, चार दिवसांची बद्धकोष्ठता, यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ अडखळणं असेल तर थांबायचंच नाही: १०८ किंवा जी गाडी आधी मिळेल ती, आणि लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून न्या. हृदयाचा झटकाही या वयात छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता दम, घाम, मळमळ. मधुमेह असेल तर जास्तच.

डोळे आणि चष्मा

साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं. म्हणून पहिला उपाय बल्बचा. स्वयंपाकाचा ओटा, औषधांची जागा आणि जिन्याचा माथा इथले दिवे वाढवा. जुन्या चाळींच्या जिन्यात उजेड नसतो आणि पायऱ्याही झिजून गोल झालेल्या असतात. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी किंवा पांढरी पट्टी रंगवून घ्या. डबाभर रंगाचं काम आहे.

पासष्टीला आलेल्या माणसाला अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला, की घरात कौतुक होतं. बहुतेकदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते: भिंग घट्ट होऊन जवळचं काही काळ स्पष्ट दिसतं, लांबचं बिघडतं. काचबिंदू याहून लबाड. बाजूची नजर तो गुपचूप खात जातो आणि दुखत काहीच नाही. म्हणून वर्षाला एकदा नंबरासोबत डोळ्याचा दाबही तपासून घ्या, मधुमेह असेल तर पडदाही. डोळ्यांपुढे एकाएकी ठिपक्यांचा पाऊस, चमका किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर उद्यावर ढकलू नका.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. रेल्वेच्या पुलावरून उतरताना त्याच भागातून पायरी दिसते, तीही धूसर. बाहेर फिरायला फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा ठेवा. दीड-दोन हजारांच्या खर्चात खुब्याचं ऑपरेशन टळत असेल तर स्वस्तच.

कान

आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, अशी सुरुवात होते. आधी बारीक, उंच आवाज जातात; स, श, फ, थ, क ही व्यंजनं त्यातच मोडतात. ‘साठ रुपये’ आणि ‘आठ रुपये’ यांत फरक एका ‘स’चा, आणि तोच हरवतो. नातवंडांचं आणि बायकांचं बोलणं पुरुषांच्या बोलण्यापेक्षा आधी कळेनासं होतं, ते मुद्दाम दुर्लक्ष नव्हे. घरच्यांनी ओरडू नये; ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढीच राहतात. समोर या, पंखा आणि टीव्ही बंद करा, जरा सावकाश बोला.

आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. हेअरपिन आणि काड्या मळ आत ढकलतात. मग श्रवणचाचणी करा. वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती होते, मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही होते. चाचणीशिवाय दुकानातून श्रवणयंत्र उचलू नका.

यंत्र घेतल्यावर पहिल्या आठवड्यात घरातच, शांत वेळी, दिवसाला एक-दोन तास लावा आणि हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी यंत्र लावून दादर स्टेशनला गेलं की ते कायमचं कपाटात जातं. शिट्टी वाजत असेल तर बहुधा यंत्र कानात नीट बसलेलं नाही किंवा कानात मळ आहे. बॅटरीचा नंबर वहीत लिहा. १० नंबरचा चिकट कागद पिवळा, ३१२ चा तपकिरी, १३ चा केशरी. कागद काढून एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून. मुंबईच्या दमटपणात यंत्रं बिघडण्याचं मोठं कारण ओल आणि घाम हेच.

एका कानाने रातोरात ऐकू येईनासं झालं तर ते म्हातारपण नाही. पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाले तर ऐकू परत येण्याची आशा असते, महिनाभराने फारशी नाही.

नाक

वास कमी झाल्याचं माणसाला स्वतःला कळत नाही. आमटीत मीठ वाढत जातं, शिळं अन्न खाल्लं जातं. खरा धोका गॅसचा. एकटं राहणाऱ्यांनी गळती ओळखणारा अलार्म लावावा, पण जागा बघून. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर जातो: अलार्म छताखाली फूटभर अंतरावर. सिलिंडरचा गॅस जड असतो, तो खाली साचतो: अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर. उलट लावला तर तो वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. रात्री मुख्य कॉक बंद करायची सवय दोन्हींना सारखीच लागू. अलार्म वाजला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका. खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.

ताकद आणि ताट

शिवाजी पार्कला रोज तीन फेऱ्या मारणाऱ्यांचाही खुर्चीचा आकडा वीस सेकंद भरू शकतो. चालणं हृदयाला चांगलं, पण मांड्यांची ताकद त्याने टिकत नाही. एकदा ती गेली की भारतीय संडासात बसणं, पाटावर जेवणं, बसची पायरी चढणं एकेक करून सुटतं. एक दिवसाआड हे करा: खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस, थोडं थांबून पुन्हा दहा, ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा, भिंतीला हात टेकवून दंड दहा वेळा. सोपं वाटायला लागलं की उठताना हात मोकळे ठेवा, मग हातात पाण्याची बाटली घ्या.

यासाठी प्रथिनं लागतात, किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, मोठ्या पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पातळ वरण-भात आणि रात्री ‘हलकं’ म्हणून दूध-पोळी, या ताटात निम्मंही भरत नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र हा हिशेब डॉक्टरांशी बोलूनच करावा.

मोरी-बाथरूम

टॉवेलचा दांडा धरून उठू नका, तो वजनासाठी नसतो. खास आधाराचा दांडा घ्या: सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड इंच सुटा, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. एक कमोडच्या बाजूला, एक आंघोळीच्या जागी. चूक होते ती बसवण्यात. प्लंबर टाइलला भोक पाडून प्लास्टिकचा गट्टू ठोकतो आणि महिन्यात दांडा टाइलसकट हातात येतो. अँकर टाइल आणि प्लास्टर ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. जुन्या इमारतीत भिंत पोकळ किंवा लाकडी चौकटीची असेल तर आरपार बोल्ट आणि मागे पत्रा लावावा. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे अजिबात नकोत. काम झालं की मिस्त्रीलाच त्यावर पूर्ण भार टाकून दाखवायला सांगा.

कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच असावी. कमी असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. आंघोळीला रबरी बुडाचं स्टूल. भरलेली बादली उचलायची नाही, रिकामी जागेवर ठेवून नळाने भरायची. आणि दार: मुंबईच्या बाथरूमचं दार आत उघडतं, माणूस आत पडला की त्याच्याच अंगाने ते अडतं. दार बाहेर उघडेल असं करून घ्या, आणि आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येणारी लावा. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर रात्रीपुरती घरात कमोड-खुर्ची ठेवा. लाजण्यापेक्षा ते बरं.

रात्री वारंवार उठावं लागत असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी नाहीतर आडवं झाल्यावर परत फिरतं आणि रात्रीच बाहेर पडतं.

किरकोळ बदलही आहेत. पावलं पसरतात, म्हणून चप्पल संध्याकाळी आणि नव्याने माप देऊन घ्या. त्वचा पातळ होऊन हातांवर जांभळे डाग पडतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त. खाज येत असेल तर साबण कमी करा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. दारू पूर्वीइतकी झेपत नाही, तेवढ्याच पेगला जास्त चढते.

अंगठा आणि सही

बोटांवरच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते आणि मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहतं. हात कोमट पाण्याने धुवा, किंचित क्रीम लावून पाच मिनिटांनी पुसा, मग अंगठा सोडून दुसरी बोटं लावून बघा. तरीही नाही तर डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा वापरून ओळख पटवता येते का ते विचारा. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवता येतात, ते निवांत असताना करून ठेवा. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर १ ऑक्टोबरपासून. जीवन प्रमाण ॲप आणि सोबतचं आधार फेस ॲप फोनवर घेतलं की चेहऱ्यावरूनच तो घरबसल्या निघतो. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढा.

सही थरथरायला लागली की बँकेत चेक परत येतात. जुनी सही गिरवत बसू नका. चेक परत येण्याआधीच शाखेत जाऊन आजच्या सहीचा नमुना नव्याने द्या, खातं ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीने संयुक्त करा आणि नॉमिनी तपासा. सही अजिबात जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्यांसाठी घरपोच सेवा द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणखी कुठे अडलं तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. हा नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या.